पाठ केलेले रंग

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एकमेकांच्या जिवावर उठलेले सख्खे भाऊ पाहिले. ते सगळं मागे पडलं. पण नरोलीतली ती धाग्याची चोरी काही मागे पडत नाही. माल फार मोठा नव्हता, आरोपीही अट्टल नव्हता, पेपरात चार ओळी आल्या असतील नसतील. तरी त्या एका प्रकरणात मी जेवढा ओरडलो तेवढा सबंध नोकरीत ओरडलो नसेन. माणसं अजून हयात आहेत, कामधंद्यात आहेत, म्हणून कोणाचंही नाव घेत नाही.

मी तेव्हा सिल्वासा ठाण्यात निरीक्षक होतो. आमच्या ठाण्याची एक गंमत होती. तक्रारदार एका भाषेत सुरू करायचा, दुसऱ्या भाषेत रडायचा आणि तिसऱ्या भाषेत सही करायचा. सकाळची हजेरी आटोपून, रात्रपाळीच्या नोंदी चाळून मी चहाचा कप उचलला, की ही मिरवणूक सुरू. अशाच एका सकाळी नरोलीचे एक चाळमालक आले. कारखान्यांतल्या मजुरांना खोल्या भाड्याने द्यायचा त्यांचा धंदा. सगळे त्यांना काका म्हणत.

"साहेब, माझ्या चाळीत मटका चालतो," काका म्हणाले.

"कोण चालवतं?"

"बे छोकरा आहेत. खानदेशचे. रोज सांजे दार लोटून घेतात आणि आकडे बोलतात. एक विचारतो, बीजो जवाब देतो. बारा, आठ, सहा, एकोणतीस, सत्तावन्न. मला पाठ झाले, बोला."

"रोज तेच आकडे?"

"रोज तेच. एकच लाइन."

"अहो काका, मटक्याचा आकडा रोज बदलतो. रोज तेच बोलून काय मिळणार त्यांना?"

"तेच तर सांगतो ना साहेब! मी लावून बघितले. एकपण नाही लागला."

मी कप खाली ठेवला. "म्हणजे मटका तुम्ही खेळता?"

"मी कुठे खेळतो? चेक करायला लावले."

तरी खबर ती खबर. एका शिपायाला पाठवलं. तो परत येऊन म्हणाला, खोलीत दोघंच राहतात, चिठ्ठ्या नाहीत, पैसे नाहीत, मोबाइलवर पोलीस भरतीचा अभ्यास करतात. तशी नोंद घातली आणि विषय संपवला. भरतीच्या परीक्षेत गणित असतं, त्याचे आकडे असतील, असं मी धरून चाललो.

पुढे काही आठवड्यांनी खेरडीच्या रस्त्याला भंगाराचा एक टेम्पो कलंडला. ड्रायव्हरला खरचटलंसुद्धा नाही, पण पोती फुटली आणि धाग्याचे कोन घरंगळत थेट भाताच्या खाचरात गेले. आमचे लोक पंचनाम्याला गेले, तर गावातल्या बायका ते कोन उचलून बघत उभ्या. त्यातली एक म्हणाली, "हे भंगार? एवढा चांगला धागा कोण टाकतो?" खरंच चांगला होता. पांढराशुभ्र, घट्ट गुंडाळलेला. भंगार म्हणून गेटपास आणि आत ताजा माल. कारखान्याच्या मालकाने त्याच दिवशी तक्रार दिली आणि तक्रारीत एका माणसाचं नावही दिलं.

कारखान्यातली पद्धत अशी होती. धागा कागदी नळीवर गुंडाळतात, त्याला कोन म्हणतात. चांगल्या मालाच्या नळीला हिरवी कड, नापास मालाच्या नळीला लाल कड. भंगाराच्या पोत्यात फक्त लाल कड जायला हवी. बाहेर पडताना गेटवर एक माणूस प्रत्येक पोतं उघडून बघतो, हिरवी कड दिसली तर परत पाठवतो, नाहीतर पासवर सही करतो. लहान मुलालाही जमेल असं काम. कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं. तक्रारीत नाव असलेला गेटवरचा तरुण पोतं उघडतो, आत वाकून नीट बघतो, आणि जाऊ दे म्हणून हात करतो. प्रत्येक वेळी. मालक म्हणाला, "बघा साहेब, बघून सोडतो! डोळ्यांदेखत चोरी!"

त्या तरुणाला चौकशीला बोलावलं. नंदुरबारकडचा, तेविशीच्या आसपासचा, धावून धावून सडसडीत झालेला. अटक दाखवली नव्हती. चौकशीत गप्प बसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. अट्टल गुन्हेगार गप्प बसतो तेव्हा तुमच्याकडे बघतो. घाबरलेला माणूस दाराकडे बघतो. हा आपल्या पंजांकडे बघत बसला होता.

"पोतं उघडून बघत होतास ना?"

"बघत होतो, साहेब."

"आत हिरव्या कडेचे कोन होते?"

त्याने पंजे उलटे करून बघितले.

"अरे, होते की नव्हते?"

"असतील, साहेब."

"असतील म्हणजे? तू बघत होतास ना?"

"बघत होतो."

"मग?"

"असतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पैसे कोणी दिले विचारलं, तर नाही म्हणाला. भंगारवाल्याला ओळखतोस का, तर नाही. त्याच्या खात्यात पगाराशिवाय काही नव्हतं, मोबाइलवर एक संशयास्पद फोन नव्हता. मग चोरी कशासाठी केली? त्यावर पुन्हा पंजांकडे बघणं सुरू. मध्येच एकदा मान वर करून आपल्या खानदेशी बोलीत म्हणाला, "साहेब, मनी मायले नका सांगू." आईला कळवू नका म्हणत होता.

हळूहळू कळलं की स्वारी पोलीस भरतीत निवडीच्या उंबरठ्यावर होती. मैदानी चाचणी झाली होती, लेखी झाली होती. फक्त मेडिकल राहिली होती, तीही पुढच्या आठवड्यात. घरी कोरडवाहू तुकडा, वडील नाहीत. आईने आत्तापासूनच गल्लीभर सांगून ठेवलं होतं की पोरगा पोलीस झाला. मी कपाळावर हात मारला. अरे, पोलीस व्हायचंय आणि आठवडाभर आधी चोरीत सापडतोस?

दुपारी त्याच्यासाठी डबा घेऊन एकजण आला. त्याच्याच तालुक्यातला, त्याच कारखान्यात सुपरवायझर, नरोलीच्या खोलीत दोघं एकत्र राहायचे. वयाने चार-सहा वर्षांनी मोठा. हा त्याला दादा म्हणायचा. माणूस अगदी गोड. "साहेब, पोरगा चांगला आहे, कोणाच्या तरी नादाला लागला असेल. मी मालकांशी बोलतो, तडजोड करू. त्याच्या भरतीचं बघा ना जरा." जाताना तरुणाच्या पाठीवरून हात फिरवून गेला. आमच्या हेड कॉन्स्टेबल बाईसुद्धा म्हणाल्या, "परमुलखात असा माणूस मिळायला नशीब लागतं."

या बाई मूळच्या रत्नागिरीच्या, नवरा इथल्या शाळेत मास्तर. ठाण्यातला मुद्देमाल त्यांच्या ताब्यात. त्या दिवशी संध्याकाळी टेम्पोतले कोन पंचांसमोर वेगळे करून सील करायचे होते. मला वाटलं, हा बोलत नाही ना, मग काम तरी करू दे. म्हटलं, "ऊठ. रोज गेटवर करतोस तेच कर. लाल कडेचे या पोत्यात, हिरव्या कडेचे त्या पोत्यात."

तो उठला. एकेक कोन उचलून, फिरवून, उजेडात धरून दोन पोत्यांत टाकायला लागला. मन लावून करत होता. चेहऱ्यावरून घाम गळत होता. झाल्यावर पंचांनी पोती ओतली. दोन्हीकडे लाल-हिरव्याची खिचडी.

"माझी थट्टा करतोस? पंचांसमोर?" मी टेबलावर हात आपटला. पंच बिचारे दोन पावलं मागे सरले.

"हो साहेब, मुद्दाम केलं," तो शांतपणे म्हणाला. "चोरीपण मीच केली. लिहून घ्या."

इतका वेळ तोंडाला कुलूप आणि आता एका दमात कबुली. लिहून घ्यायला माझा लेखनिक पेन उघडून तयार. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "साहेब, जरा ओरडायचं थांबा. मुद्दाम करणाऱ्याला एवढा घाम येत नाही. याला रंग दिसत नसतील."

तो ताडकन उठला. खुर्ची मागे पडली. "नही! मले दिसस! सगळं दिसस मले!" दिवसभर ज्याचा आवाज चढला नव्हता, तो माणूस आता ओरडत होता. "बाई, असं बोलू नका तुम्ही. काहीपण बोला, चोर म्हणा, हे बोलू नका."

चोरीचा आळ मुकाट्याने घेणारा माणूस डोळ्यांचं नाव काढताच पेटून उठला, तेव्हा पाणी कुठे मुरतंय ते माझ्या लक्षात आलं. पंचांना बाहेर बसवलं. बाईंनी त्याला पाणी दिलं, खुर्ची सरळ केली.

मी म्हटलं, "अरे बाबा, तुला रंग दिसत नसतील तर तू चोर नाहीस. तू सुटलास. एवढं साधं कळत नाही तुला?"

"कळतं, साहेब."

"मग चोरी का कबूल करतोस?"

तो म्हणाला, "केसमधून माणूस सुटतो, साहेब. तडजोड होते, मालक तक्रार मागे घेतो, वकील सोडवतो. डोळ्यांतून कसा सुटणार? एकदा कागदावर आलं की जन्मभर अनफिट."

हे ऐकून मी हात टेकले. म्हणजे हा शहाणा चोरीचा शिक्का कपाळावर घेऊन पोलिसात जायला निघाला होता! चारित्र्य पडताळणीत नोंदवलेला गुन्हा निघतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. "हे अकलेचे दिवे कोणी पाजळले? कोणी शिकवलं तुला?" यावर पुन्हा कुलूप.

माझं काम आता सरळ होतं. वैद्यकीय दाखला घ्यायचा आणि तपासाच्या कागदांना जोडायचा. दुसऱ्या दिवशी त्याला जीपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या, बाहेर रांग लागलेली. त्यांनी ठिपक्यांचं पुस्तक काढलं. ते भरतीत बसलेल्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. पानावर रंगीत ठिपके असतात, त्या ठिपक्यांत आकडा लपलेला असतो. रंग नीट दिसणाऱ्याला तो पटकन दिसतो, रंगांधळ्याला नुसते ठिपके दिसतात.

डॉक्टरांनी पहिलं पान उघडलं. "बारा," तो म्हणाला. पुढचं पान. "आठ." मग "सहा." मग "एकोणतीस." एकही चूक नाही, एकदाही अडखळला नाही.

"नॉर्मल आहे," डॉक्टर म्हणाल्या आणि दाखल्याकडे वळल्या.

मी बाईंकडे बघितलं, बाईंनी माझ्याकडे. कालचा घाम आम्ही दोघांनी पाहिला होता. "डॉक्टर, थांबा. लिहू नका. पुस्तक मधूनच कुठेतरी उघडा."

"इन्स्पेक्टरसाहेब, बाहेर पेशंट आहेत."

"मॅडम, याला निर्दोष सोडवायला मी धडपडतोय आणि हा मला करू देत नाहीये. एकदाच उघडा."

त्यांनी मधलं एक पान उघडलं. तो जरा थांबला, मग म्हणाला, "सत्तावन्न." डॉक्टरांची भुवई वर गेली. त्यांनी मागचं एक पान उघडलं. "पाच." आणखी एक. "तीन." पुस्तकात काय आहे याच्याशी त्याचं काही देणंघेणंच राहिलं नव्हतं. नजर समोर, आणि पाढे म्हणावेत तसे क्रमाने आकडे. डॉक्टरांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं, तरी त्याने पुढचा आकडा म्हटला. मग त्याचं त्यालाच कळलं आणि तो रडायला लागला. डॉक्टरांनी स्वतःची पाण्याची बाटली त्याच्यापुढे सरकवली.

मला रडू येत नव्हतं, मला संताप येत होता. कारण ते आकडे मी आधी ऐकले होते. बारा, आठ, सहा, एकोणतीस, सत्तावन्न. ज्याला काका मटका समजले, तो हा होता. आणि काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती: एक विचारतो, दुसरा जबाब देतो. जबाब देणारा माझ्यासमोर बसला होता. मग विचारणारा कोण? त्या खोलीत दोघंच तर राहत होते.

परतताना जीपमध्ये बाईंनीच विषय काढला. "बाळा, तुला हे पाठ कोणी करून दिलं? दादाने ना?" त्याने मान हलवली. मग सगळं बाहेर आलं. भरतीची तयारी करताना ठिपक्यांची पानं त्याने पहिल्यांदा मोबाइलवर बघितली. बाकीची मुलं आकडे वाचत होती आणि याला काहीच दिसत नव्हतं. जगात ही गोष्ट त्याने एकाच माणसाला सांगितली, दादाला. दादाने रोज संध्याकाळी बसवून पानांचा क्रम पाठ करून घेतला. पुढे त्याला लोडिंगवरून काढून गेटवर बसवलं, तेही दादानेच. "तिथे बसून अभ्यास होईल तुझा."

"पण तिथे रंग बघायचे असतात, हे तुला माहीत होतं ना?" मी विचारलं.

"होतं, साहेब. मी म्हटलं दादाला, मला जमणार नाही. दादा म्हणाला, आत मी स्वतः बघूनच पोती भरतो. तू नुसता उघडून बघ आणि सही कर."

"आणि केसमधून माणूस सुटतो, हेही त्यानेच शिकवलं?"

"डबा घेऊन आला होता ना साहेब, तेव्हा म्हणाला. डोळ्यांचं बोललास तर भरती गेली. गप्प बस, मी तडजोड करतो."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. गेटवर आंधळा लागत होता, तो त्याने बरोबर हेरून नेमला. हिरव्या कडेची पोती आत भरायची याने, आणि सही करायची त्या बिचाऱ्याने. भंगारवाल्याशी संधान याचं, आणि कॅमेऱ्यात चेहरा त्याचा.

सुपरवायझरला बोलावलं तेव्हा तो आला तसाच हसतमुख. त्या पोराच्या डोळ्यांचं आपल्याला काही ठाऊकच नव्हतं म्हणाला. मी काकांना समोर आणलं. काका तर संधीच बघत होते. "हाच विचारायचा, साहेब! हा बोलायचा 'पहिलं पान', की तो बोलायचा 'बारा'. चूक झाली की हा ओरडायचा, फरीथी बोल, पुन्हा बोल! माझे किती पैसे गेले या आकड्यांवर!" काकांना पैशांच्या विषयावरून परत आणता आणता माझ्या नाकी नऊ आले, पण काम झालं. टेम्पोवाल्याने आधीच भंगारवाल्याचं नाव सांगितलं होतं. भंगारवाला अटकेच्या भीतीने दोन तासांत पोपटासारखा बोलायला लागला.

कबुली देताना सुपरवायझर एक वाक्य बोलला. "आधी मी खरंच त्याला मदत करत होतो, साहेब. गेटचं नंतर सुचलं." माझा त्यावर विश्वास बसला. माणसं पहिल्या दिवसापासून हरामखोर असती तर पोलिसांचं काम निम्मं झालं असतं. कोणाचं तरी मर्म हातात आलेलं असतं, प्रेमाने आलेलं असतं, आणि एक दिवस गरज पडली की तेच वापरलं जातं.

तो तरुण आता संशयिताचा सरकारी साक्षीदार झाला. रंगांधळेपणाचा दाखला दोषारोपपत्राला जोडला. मी त्याला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "मेडिकलला जाऊ नकोस. तुझा विषय तिथे संपला. दुसरी नोकरी बघ, मी शब्द टाकतो." तो हो म्हणाला. अगदी मान हलवून हो म्हणाला.

आणि दहा-बारा दिवसांनी ठाण्यात पेढे घेऊन हजर! नवीन शर्ट, भांग पाडलेला, चेहरा फुललेला. पहिला पेढा बाईंना, दुसरा माझ्यापुढे. "साहेब, फिट! क्रमानेच पानं उघडली त्यांनी. एकही चुकलो नाही."

या माणसाला मारावं की मिठी मारावी ते कळेना. शेवटी ओरडलोच. "अरे गाढवा, मी काय सांगितलं होतं तुला?"

"साहेब, एवढ्या लांब आलो होतो. नुसतं बघावं म्हटलं."

"बस खाली. कोर्टात तू साक्षीदार आहेस. वकील विचारणार, पोत्यात हिरवी कड होती, तुला दिसली का? काय सांगशील?"

"नाही दिसली म्हणून."

"का नाही दिसली?"

त्याने पुडा दुसऱ्या हातात घेतला.

"वर्दी घालून कोर्टात उभा राहशील आणि सांगशील की मला लाल-हिरवं कळत नाही? आणि नाही सांगितलंस तर दादा सुटला, आणि कॅमेऱ्यात तू आहेस. मग आत कोण जाणार?"

त्याच्या हातातला पेढ्यांचा पुडा तसाच. तो म्हणाला, "साहेब, मी कुठला गुन्हा केला यात?"

"कुठलाच नाही."

"मग दोन्हीकडून मीच कसा मरतो?"

बाई उठून बाहेर गेल्या. मी त्याला सांगायचं ते सांगितलं. सरकारी एक कागद म्हणतो याला रंग दिसत नाहीत, सरकारीच दुसरा कागद म्हणतो दिसतात. दोन्ही माझ्या माहितीत असताना मला गप्प बसता येत नाही. मला कळवावंच लागेल. पण तू स्वतः जाऊन सांगितलंस तर तुझं नाव खराब होणार नाही. नियम चुकीचा आहे असं मी त्याला म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पळणाऱ्या गाडीचा रंग पोलिसाला सांगता यायला हवा, त्यावर कोणाचं तरी आयुष्य अवलंबून असतं. ते त्यालाही पटत होतं, हीच तर पंचाईत. त्याने वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. पुडा टेबलावर ठेवून तो गेला, आणि दोन दिवसांनी भरती कार्यालयात स्वतः लेखी देऊन आला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. माझं उत्तर ऐकून ते निराश होतात, कारण त्यात तपासाची हुशारी काही नाही. माझं म्हणणं एवढंच की बाबांनो, डोळे आधी तपासा! पहाटे उठून पोरं वर्षानुवर्षं धावतात, गोळा फेकतात, उंची भरावी म्हणून झाडाला लोंबकळतात, आया दागिने विकून क्लास लावतात, आणि ज्या एका गोष्टीवर हे सगळं पाण्यात जाऊ शकतं ती तपासायची सगळ्यात शेवटी. का? पाच मिनिटांचं काम आहे. शाळेत कोणी बघत नाही, क्लासवाला फी घेतो पण बघत नाही, आणि पोराला स्वतःला कळलं तर तो लपवतो. लपवलेली गोष्ट मग पहिल्या गोड बोलणाऱ्याच्या हाती लागते. मी निवृत्तीनंतर जिथे जिथे भरतीची मुलं दिसतात तिथे थांबून हेच सांगतो. ती हसतात. म्हाताऱ्याला दुसरं काम नाही, असं म्हणत असतील. म्हणेनात का.

खटला उभा राहिला तेव्हा आरोपीच्या वकिलाने व्हायचं तेच केलं. भर कोर्टात एकेक कोन त्याच्यासमोर धरून विचारलं, याची कड कोणत्या रंगाची? प्रत्येक वेळी तो म्हणाला, "सांगता येत नाही." मागच्या बाकांवर कारखान्यातली माणसं बसली होती, त्यांच्यातला कोणीतरी हसला. न्यायाधीशांनी दटावलं. तो खाली न बघता उत्तरं देत राहिला. समोर आरोपीच्या पिंजऱ्यात दादा उभा होता, त्याच्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

सुपरवायझरला शिक्षा झाली. निकालानंतर कोर्टाच्या आवारात तो तरुण भेटला. तेव्हा तो वापीला एका गोदामात कामाला लागला होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "झालं एकदाचं. तुझ्यावरचा डाग पुसला गेला. आता कोणी तुला चोर म्हणणार नाही."

"हो, साहेब," तो म्हणाला. मग, रागावून नव्हे, एखादी माहिती द्यावी तसा म्हणाला, "पण त्या दिवशी माझी कबुली लिहून घेतली असती ना, तर मी आज आत बसून तरी म्हणत असतो की बाहेर आलो की पोलीस होणार."

मी त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. माझा जन्म लोकांच्या कबुल्या लिहून घेण्यात गेला, आणि ही एक मी लिहून घेतली नव्हती. त्याने वाकून नमस्कार केला आणि वापीच्या बसकडे चालू लागला.